पांडेसऱ्यातली सुट्टीची दुपार

नव्वदच्या दशकात कंपनी मला वर्षातून चार-पाचदा सुरतेला पाठवायची. तिथल्या पांडेसरा भागातल्या गिरण्यांत कापड रंगवायची यंत्रं आम्ही बसवून देत असू, आणि ती बिघडली की निस्तरायला मी. "गुजरात म्हणजे दारूबंदी, तिथे तू सुरक्षित," असं आमचे साहेब चेष्टेनं म्हणायचे. माझी नशा बाटलीत मिळत नव्हती, हे त्यांना कुठे ठाऊक! मला बायकांकडे जायचं व्यसन होतं. एकटा लॉजवर उतरलो की पाय त्या एका गल्लीकडे वळायचे आणि परतताना स्वतःची किळस यायची. किळस दोन दिवस टिकायची.

त्या खेपेला सात महिने झाले होते, मी गेलो नव्हतो. पुन्हा गेलात तर मुलीला घेऊन माहेरी जाईन, असं बायकोनं शांतपणे सांगितलं होतं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

कामाच्या दिवसांची मला भीती नव्हती. वाफेत आणि रंगाच्या वासात दिवस निघून जायचा, संध्याकाळी अंग आंबलेलं असायचं. भीती होती सुट्टीच्या वाराची. आठवड्यातून एक दिवस त्या भागातल्या कारखान्यांची वीज बंद असे. त्या दिवशी सकाळपासून मी लॉजच्या खोलीत येरझारा घालत होतो. पेपर तीनदा वाचला, दोनदा आंघोळ केली. शेवटी अकराला रिक्षा केली आणि गिरणीतल्या रंगखात्याच्या मुकादमाच्या खोलीवर जाऊन धडकलो.

मुकादम धुळ्याकडचा, पन्नाशीचा. एका खोलीत बारा जण राहायचे. सहा जण दिवसपाळीला गेले की रात्रपाळीचे सहा त्याच गाद्यांवर झोपायचे. सुट्टीला मात्र बाराच्या बारा हजर. मला तेच हवं होतं. त्यांनी भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, आग्रह करकरून वाढलं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर हसलो.

जेवण झालं आणि घोटाळा झाला. साहेब आपल्याकडे आलेत, त्यांना निवांत पडता आलं पाहिजे, म्हणून त्यांनी धुतलेली चादर अंथरली आणि बाराही जण बाहेर गेले. "तुम्ही आराम करा. कोनी तरास देनार नही," म्हणत मुकादमानं दार ओढून घेतलं. भिंतीच्या वीतभर सावलीत बसले बिचारे, कुजबुजतसुद्धा नव्हते. आणि मी आत, एकटा.

पंधरा मिनिटं काढली असतील. डोक्यात गल्ली सुरू झाली. कुठून वळायचं, किती वेळ लागेल, कुणाला कळणार आहे? उठलो, चपला घातल्या, बाहेर आलो. बाराही जण उभे राहिले.

"स्टेशनकडे काम आहे," मी म्हणालो.

मुकादम भला माणूस. लगबगीनं कोपऱ्यावरून रिक्षा घेऊन आला. मी बसलोसुद्धा. रिक्षा सुरू झाली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मला जाऊ देऊ नका."

त्याला कळेना. खाली उतरलो, त्याला बाजूला घेतलं आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. तो हसेल, उद्यापासून खात्यात मान वर करायची सोय राहणार नाही, अशी माझी खात्रीच होती. त्यानं रिक्षा परत पाठवली.

"माले वाटनं, आमनी गर्दीना तुमले तरास हुई," तो म्हणाला. मग बाकीच्यांना हाक मारली, "चाला रे, मझार चाला. साहेबले एकटं करमत नही."

बाकीचे आत येऊन जागा मिळेल तिथे आडवे झाले. मुकादम दाराला पाठ लावून बसला. पाच वाजेपर्यंत मी त्या घोरण्यात टक्क जागा होतो, स्वतःवर आणि त्यांच्यावरही चिडलेला, पण तिथेच.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून घरी बायकोला फोन केला. गेलो नाही, म्हणालो. कसा राहिलो तेही सांगितलं.

"परक्या माणसाला सांगितलंत," ती म्हणाली. "मला तर तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. मला ते बाहेरून कळलं."

"आल्यावर सांगतो," मी म्हणालो. "पहिल्यापासून." आणि दुपारी वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.