तिच्यासारखं चालणं

मध्य भारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या स्नेहलतागंज मोहल्ल्यात जो तो माझ्या चुलतबहिणीच्या चालण्याचं कौतुक करायचा. पाठ ताठ, मान वर, चालताना पदरसुद्धा हलायचा नाही मेलीचा. मी पोक काढून चालणारी, नुसती जळायचे. सराफ्यात जाताना मुद्दाम तिच्या मागे राहून मी तिची चाल घोटली.

मग मला पाहायला पाहुणे आले. मुलाची आई म्हणाली, "जरा चालून दाखव, बेटा."

मी थेट बहिणीसारखी चालले.

"पायाला काही लागलंय का हिच्या?"

पोह्यांच्या बश्या घेऊन आलेली बहीण पटकन म्हणाली, "नाही हो काकू, माझं बघून शिकतेय. मीसुद्धा सराफ्यात हिच्यासाठी सावकाश चालते."

नकार आला, तो मी कधीच विसरले. तिचं ते सावकाश चालणं मात्र अजून माफ केलेलं नाही.