मुतारी सीटमध्ये धरत नाहीत

माझी आई कोपरीच्या बाजारात मासळी विकते. सकाळी पाटी मांडली की दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा तिचा नेम. प्यायलं की जावं लागतं, आणि जायला धड जागा नाही. त्या वर्षी लघवीच्या जळजळीने ती तिसऱ्यांदा आजारी पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दुखणं किडनीवर जाईल. पाणी प्या." आईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या तोंडानेच बाजारात गेली.

मी ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. नेमकं त्याच बाजारातल्या नव्या शौचालयाचं काम आमच्याकडे आलं. जुन्या नकाशावरून नवा काढायचा, एवढंच. त्यात लिहिलं होतं, पुरुष चार सीट, महिला चार सीट. वाचायला अगदी समसमान. पण पुरुषांच्या भिंतीला सहा मुताऱ्या होत्या आणि त्या कुठेच मोजलेल्या नव्हत्या.

साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "अगं, मुतारी सीटमध्ये धरत नाहीत. पहिल्यापासून तसंच आहे."

"मग बायका कशात धरता?" मी विचारलं.

मला राग आला की माझा आवाज उतरतो, आणि समोरच्याला तेच जास्त लागतं. पुरुष एका वेळी दहा जाणार, बायका चार. वर बाईला वेळ जास्त लागतो, साडी असते, पाळी असते. हे मी साहेबांना आठवडाभर ऐकवलं, अगदी हात धुऊन मागे लागले. शेवटी जागा तेवढीच ठेवून मुताऱ्या कमी झाल्या आणि महिलांच्या सात सीट मंजूर झाल्या. मी ऑफिसात पेढे वाटले.

शौचालय सुरू झालं त्या दिवशी रजा टाकून बाजारात गेले. खरं सांगायचं तर आईकडून कौतुक ऐकायला. ती आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"खुंटी नाय," ती म्हणाली. "पिशवी न फोन कुठं ठेवू, वल्या लादीवर?"

सात दारं काढली होती मी, आणि एकाही दारामागे खुंटी नव्हती. जुन्या नकाशात नव्हती म्हणून माझ्याही नकाशात नव्हती. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी, मला चांगलीच लाज वाटली. तडक हार्डवेअरच्या दुकानात गेले, सुताराला घेऊन आले आणि सातही दारांना खुंट्या लावून घेतल्या. परवानगी वगैरे कुणाची घेतली नाही.

"जा आता," मी आईला म्हटलं.

"पाटीवर कोन बसंल?"

मी बसले. पुष्कळ वेळाने आई आली, पण माझ्या जागी बसली नाही. शेजारच्या मावशीला म्हणाली, "तू पन जा गो. तुजी पाटी माजी पोर बघंल."

मग एकेक करून सगळ्याच गेल्या, आणि ठेवणीतल्या कपड्यांत मी पाट्यांवरच्या माश्या वारत बसले. अकरा वाजता आईने चहा मागवला आणि पूर्ण ग्लास प्यायली. बाजारात बसून तिला काही पिताना मी पहिल्यांदाच बघत होते.