पाण्याचा कागद

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठायचो. आजही लिहायला बसल्यापासून दोनदा अंगणात जाऊन आलो. पण चौऱ्याहत्तरी उलटली — आणखी किती टाळणार?

माझा थोरला भाऊ, दादा, टाकव्याला शेती करायचा. मी रेल्वेतून निवृत्त, कान्ह्यात घर बांधलेलं. दादाच्या पोटात गाठ निघाली, यकृतापर्यंत पसरलेली. पुण्याच्या डॉक्टरांनी किरणोत्सर्गी औषध शिरेतून द्यायचं ठरवलं. ते शोधत जाऊन गाठीलाच चिकटतं, म्हणाले. दोन-दोन महिन्यांनी एक, असे चार डोस. पण उरलेलं औषध लघवीवाटे जातं आणि जाताना मूत्रपिंडांना इजा करू शकतं. म्हणून घरी भरपूर पाणी पाजा, नोंद ठेवा. लहान मुलांना काही दिवस लांब ठेवा. तुम्ही मात्र पाणी, जेवण द्यायला खुशाल जा. एक छापील कागद दिला — वेळ आणि पेले. आयुष्यभर रेल्वेची रजिस्टरं लिहिलेला मी. नोंदी म्हणजे माझ्या हातचा मळ.

वहिनी वारलेली, म्हणून दादाला माझ्याकडे आणलं. घरात दोन वर्षांची नात. त्याला मागच्या खोलीत ठेवलं, बाकी कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. इथवर ठीकच होतं ना? पण घाबरलो मी. किरण हा शब्द डोक्यात जाऊन बसला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. बाहेरूनच हात लांब करून त्याच्या पेल्यात उंचावरून पाणी ओतायचो.

दादा हसला. "काय सायब, आपल्या आज्याला गावच्या हिरीवर असंच वरनं वाडत व्हते न्हाई? आयकलं व्हतं, आज बगितलं."

आम्ही बौद्ध. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती हे सगळं मागं टाकायला. आणि मी? मीही हसलो. तांब्या तसाच वर धरला.

तिसऱ्या डोसानंतर तो फार गळाला, ओकत होता. उठवत नव्हतं. दुपारी हाका मारायचा, "पानी दे रं, घसा सुकलाय." एक दिवस — नाही, एक नाही, तीन दिवस — मी ते ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या उंबऱ्यावर ठेवून यायचो, तेवढंच. आणि कागद? तो मी ओसरीत बसून भरला. आठला दोन पेले. दहाला दोन. सुबक अक्षरात.

पुढच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं बिघडायला लागलेली. डॉक्टरांनी कागद नीट वाचला. "पाणी तर व्यवस्थित प्यायलेत," म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. दादा शेजारीच बसलेला. सगळं ऐकत होता. चौथा डोस थांबला — गाठी आकसत असताना. वर्षाच्या आत तळेगावला डायलिसिस सुरू झालं.

औषधानंच मूत्रपिंडं गेली, की माझ्या त्या तीन दिवसांनी? खरा कागद हाती असता तर डॉक्टरांना काही सांगता आलं असतं कदाचित. मी तीही सोय ठेवली नाही.

डायलिसिसवर पाणी मोजून मिळतं. एकदा तिथल्या यंत्राशेजारच्या खुर्चीत पडल्या पडल्या दादा म्हणाला, "तवा तू पाजलं न्हाईस, आता डॉक्टर पाजू दीना. लय भारी नशीब माजं, सायब." आणि हसला.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मी तोंड उघडलं. "चादर ओढू का?" एवढंच बाहेर आलं.

त्यानंतर सात महिने, आठवड्यातून दोनदा, मी त्या खुर्चीशेजारी बसलो. मग खुर्चीत दुसरंच कुणी बसायला लागलं. त्याला सांगायचं वाक्य काही मोठं नव्हतं. जाता-येता पाठ केलेलं होतं —

दादा, तुझी हाक मला ऐकू येत होती. कागद मी खोटा लिहिला. मला —