ट्रायल एकदाच

तिला गिऱ्हाइकांनी नाव ठेवलं होतं करतेताई. कोणी फोन करून काहीही मागितलं, तरी तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "करते." अक्षरं मोठी करा. करते. तारीख वर घ्या. करते. दुसऱ्याला ती वर नको, खाली हवी. तेही करते. सासूबाई म्हणायच्या, हिला कोणी विहिरीत उडी मार म्हटलं, तर ही फक्त किती वाजता एवढंच विचारेल.

करतेताई एकटीनं सॉफ्टवेअर बनवायची. ऑफिसातली चांगली नोकरी सोडून तिनं टेलर लोकांसाठी फोनवर चालणारं एक ॲप तयार केलं होतं, त्याचं नाव 'माप'. गिऱ्हाइकाची मापं एकदा भरली की ती हरवायची नाहीत, आणि कपडा तयार झाला की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जायचा. हरवलेली मापं आणि महिनोन्‌महिने न नेलेले कपडे ही टेलर माणसाची जुनी दुखणी, त्यावर हा बरा उतारा होता. काम खरंच झकास होतं. किंमत मात्र तिनं भीत भीत ठरवली होती. पँटची लांबी कमी करायला टेलर जेवढे घेतो तेवढे पैसे, तेही एकदाच, आयुष्यभरासाठी. कोणाच्या आयुष्यभरासाठी, याचा विचार करायचं राहून गेलं होतं.

तिचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीतलं एक टेबल. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याचं यंत्र. यंत्र कपडे पिळायला लागलं की टेबल थरथरायचं आणि करतेताई दोन्ही हातांनी लॅपटॉप धरून बसायची. त्या अवस्थेतही फोन वाजला तर ती खांद्यानं फोन कानाशी दाबायची आणि म्हणायची, करते.

तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मास्तर. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं टेलरिंगचं जुनं दुकान. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि तोंड कधी बंद नाही. त्यांनीच 'माप' सगळ्या टेलर मंडळींच्या ग्रुपात नेलं, त्यांच्या एका शब्दावर गावोगावच्या दुकानांनी ते घेतलं. खुशीत येऊन त्यांनी करतेताईला एक जाकीटही शिवून दिलं होतं. हा माणूस नसता तर 'माप' पडवीतच राहिलं असतं, हे ती विसरली नव्हती. आणि तिनं ते विसरू नये याची काळजी मास्तर दर आठवड्याला घेत होते.

कारण सूचनांचा पाऊस तिथूनच पडायचा. डाव्या आणि उजव्या बाहीचं माप वेगळं हवं. बटण लाल हवं. लाल नको, डोळ्यांना लागतं. एका टेलरनं पाचांतला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, ॲप उत्तम आहे पण माझी गिऱ्हाइकं वेळेवर येत नाहीत. करतेताईनं त्यालाही माफीचं उत्तर लिहिलं होतं. अशानं 'माप'मध्ये इतकी बटणं झाली की नव्या माणसाला मापं भरायची जागाच सापडेना. बोट दिलं की लोक मनगट धरतात, आणि हिनं तर खांद्यापर्यंतचा हात पुढे करून ठेवला होता.

मग ते सुताचं प्रकरण झालं. मास्तरांना इंचाच्या जोडीला सुताचंही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचंही, माप हवं होतं. आजच हवं होतं. करतेताईनं घाईघाईत ते केलं, नीट तपासलं नाही, आणि त्या बदलात सगळ्या दुकानांच्या मापांतले अर्धे इंच गळून पडले. तिनं संध्याकाळपर्यंत चूक दुरुस्त केली, पण तोवर एका टेलरनं कोटाच्या बाह्या कापून ठेवल्या होत्या. ग्रुपावर आग लागली. पँटच्या लांबीएवढे पैसे देऊन बसलेली माणसं अख्ख्या कारखान्याचे मालक असल्यासारखी बोलत होती, आणि लाज याची की या वेळी त्यांचं म्हणणं खरं होतं.

जुन्या ऑफिसातल्या मॅडमनी तिची जागा अजून भरली नव्हती. सोमवारपर्यंत कळव, म्हणाल्या. नवरा छापखान्यात कामाला. तो म्हणाला, तुला हवं ते कर, आणि त्याची ही नेहमीची मऊ, समजूतदार भाषा तिला जास्तच लागली. 'माप' बंद करायचं की चालवायचं, एवढाच प्रश्न होता. रोज मुलाखत दिल्यासारखं जगून ती थकली होती, आणि तरी ते बंद करायच्या विचारानं तिला रडू येत होतं.

त्याआधी मास्तरांची माफी तोंडावर मागावी म्हणून ती दुकानात गेली. मास्तर एका गिऱ्हाइकाच्या पाठीवर खडूच्या रेघा ओढत होते, तेव्हा ती बाकावर बसून राहिली. समोर भिंतीवर एक पाटी होती. इतक्या वेळा ती इथं आली होती, पण येताना डोकं खाली असल्यावर पाटी दिसणार कशी? पाटीवर लिहिलं होतं: 'ट्रायल एकदाच. ट्रायलनंतर सुचलेल्या बदलाचे पैसे वेगळे. वजन वाढल्यास दुकान जबाबदार नाही.'

तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मास्तर मोकळे झाले, माफी ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि म्हणाले, आता आलीच आहेस तर ऐक, त्या तारखेशेजारी गिऱ्हाइकाचा फोटो हवा. करतेताईनं तोंड उघडलं. 'करते' काही आलं नाही.

"बघते," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

घरी तिनं सासूबाईंना पाटीची हकीकत सांगितली. सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. तोंडातला चिमटा काढून त्या म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण गं. त्यांनी पाटी लावली म्हणून त्यांना कोणी वाईट म्हणतं का? तू लाव." आणि चिमटा परत तोंडात धरून त्यांनी चादर झटकली.

करतेताईनं आधी 'माप'मधली निम्मी बटणं काढून टाकली. मग नवी किंमत लिहिली. वर्षाला एका कोटाची शिलाई. ज्यांनी आयुष्यभराचे पैसे भरलेत त्यांचं 'माप' आहे तसं चालू राहील, दिलेला शब्द मोडणार नाही. पण मदत, दुरुस्ती आणि नव्या सोयी वर्षाचे पैसे भरणाऱ्यांना. पहिला महिना ट्रायलचा, त्यात हव्या तेवढ्या सूचना करा, एक पैसा नको. आणि खाली पाटीच उतरवून घेतली: 'ट्रायल एकदाच. ट्रायलनंतर सुचलेल्या बदलाचे पैसे वेगळे. मन बदलल्यास 'माप' जबाबदार नाही.' ज्याच्या कोटाच्या बाह्या गेल्या होत्या, त्याच्या कापडाचे पैसे तिनं स्वतः पाठवले. चूक तिची होती आणि चुकीला पाटी लागू होत नाही.

ग्रुप उसळला. लुटालूट आहे, चढेल झाली, आम्ही दुसरं शोधू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, अशी ही मंडळी, प्रत्येकाच्या दुकानात तसलीच पाटी. शनिवारी मास्तरांचा निरोप आला, दुकानात ये. मास्तर गेले की सगळे जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं त्यांचंच जाकीट घातलं आणि गेली.

मास्तरांनी बस म्हटलं नाही.

"पोरी, तुला ग्रुपात आणली मी. आणि माझ्याच भिंतीवरचं माझ्याच तोंडावर मारतेस?"

"पटलं म्हणून घेतलं, मास्तर."

"आमचं काम वेगळं. इथं हात चालवावा लागतो. तुझं काय, फोनातलं काम. बटणच तर हलवायचं."

ती उत्तर देणार तेवढ्यात दारातून एक जाडजूड गृहस्थ कोट घेऊन आत आले. ट्रायल मागच्याच आठवड्यात झाली होती, कोट तयार होता. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि सहज म्हणाले, मास्तर, खिसे जरा तिरके करून द्या. पैशाचं मास्तरांनी विचारलं, तसे ते हसले. "त्याचे कसले पैसे? कापड तेच, दोरा तोच. खिसाच तर हलवायचा."

मास्तरांनी मान न वळवता पाटीकडे बोट केलं. वर्षानुवर्षांची सवय ती. "ते वाचा आधी. खिसा हलवायचा म्हणजे पुढची सगळी बाजू उसवावी लागते, अस्तर काढावं लागतं, जुनी भोकं लपवावी लागतात. बघणाऱ्याला वाटतं खिसाच तर..."

आणि ते थांबले. बोट वरच राहिलं. मागे मशीनवर बसलेल्या कारागिरानं पाय थांबवला, त्याचे खांदे हलू लागले. करतेताईला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, ते तिनं सगळं गिळलं. गप्प राहून जिंकायची संधी माणसाला कितीदा मिळते?

गृहस्थ कुरकुरत तयार झाले आणि गेले. मास्तरांनी बोट खाली आणलं, ते स्टुलावर बसले, कानावरचा खडू उगाच काढून परत ठेवला. मग तिला समोर बसवून घेतलं.

"बटण हलवायला काय काय उसवावं लागतं?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. एक गोष्ट सरकवली की तिच्यावर टेकलेल्या दुसऱ्या कशा सरकतात, दर बदलानंतर सगळं पुन्हा कसं तपासावं लागतं, सुताच्या वेळी ती घाईत कुठे चुकली. मास्तर मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि हे त्या दुकानात आजवर झालं नव्हतं. ऐकता ऐकता त्यांचा हात गळ्यातल्या टेपवर फिरत होता. शेवटी त्यांनी चष्मा चढवला, फोन काढला आणि तिच्यादेखत वर्षाचे पैसे भरले. मग ग्रुपावर स्वतःच्या आवाजात सांगितलं, "मी भरले. ज्याला जास्त वाटतात त्यानं आधी आपल्या दुकानातली पाटी उतरवावी, मग बोलावं."

कोणाची पाटी उतरली नाही. काही दुकानं गेली, जाताना शिव्या देऊन गेली, आणि त्यांच्यासोबत सगळ्यात जास्त येणारे फोनही गेले. उरलेल्यांनी पैसे भरले. नवल म्हणजे पैसे भरल्यावर त्यांच्या सूचनाही शहाण्या झाल्या. स्वस्तात मिळालेल्या वस्तूला जो तो टोचून बघतो, मोल देऊन घेतलेली वस्तू माणूस वापरायला लागतो. पण हे सगळं कळायच्या आधीच, सोमवार उजाडायच्या आत, करतेताईनं जुन्या मॅडमना कळवलं, नाही. तो शब्द लिहून झाल्यावर ती पडवीत एकटीच मोठ्यानं हसली. यंत्र कपडे पिळत होतं, टेबल थरथरत होतं, आणि तिनं लॅपटॉप धरलाच नाही.

पुढे केव्हातरी तिनं ते जाकीट मास्तरांकडे नेलं. बाह्या किंचित लांब होत्या, पहिल्यापासूनच होत्या, पण भेट म्हणून ती कधी बोलली नव्हती. मास्तरांनी टाचण्या लावल्या, मापं 'माप'मध्ये भरली आणि शिलाईची रक्कम सांगितली.

"माझ्याकडूनही घेणार?"

"ट्रायल केव्हाच झाली, ताई," मास्तर म्हणाले.

आजवर ते तिला पोरी म्हणत आले होते. तिनं पर्स उघडली, सांगितले तेवढे पैसे टेबलावर ठेवले, आणि एका पैशाचीही घासाघीस केली नाही.