टायगरचा पंजा

मी जनावरांचा डॉक्टर. जंत, ताप, गोचीड यांच्यावर माझा विश्वास. भुताखेतांवर कधीच नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे वाचून तुम्हीच काय ते ठरवा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनपासून जरा आत, एका गाळ्यात माझं क्लिनिक होतं. गाई-म्हशी सोडून कुत्र्या-मांजरांचे लाड करणारा डॉक्टर म्हणून लोक हसायचे. राहायला बदलापूरला भाड्याची खोली. आई गेल्यापासून घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे शटर ओढायची मला कधी घाई नसायची.

एकदा उल्हासनगरहून मनोहरभाई नावाचे सिंधी गृहस्थ आपला पॉमेरियन घेऊन आले. नाव टायगर! अंगात जीव मांजराएवढा. त्यांचे वडील नुकतेच वारले होते आणि तेव्हापासून कुत्र्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. चोर विष घालतात म्हणून बरेच लोक कुत्र्याला परक्या हातचं न खायची सवय लावत. या वडिलांनी ती इतकी पक्की लावली होती, की तो घरच्यांच्या हातचंही खात नसे.

"पापा पंजा हाथ में लेते थे, कान में कुछ बोलते थे, तभी खाता था," मनोहरभाई म्हणाले. "क्या बोलते थे, किसी को नहीं बताया."

मी टायगरला क्लिनिकमध्येच ठेवून घेतलं. सलाईन लावलं. चिकनचं पाणी, दूध-पोळी, सगळं करून पाहिलं. पंजा हातात घेऊन त्याच्या कानात मराठी, हिंदी, मोडकीतोडकी सिंधीसुद्धा बोललो — कुणी पाहिलं असतं तर मलाच इंजेक्शन दिलं असतं! तो नुसती मान फिरवायचा. शेवटी त्याला उभंही राहवेना.

"डॉक्टरसाब, अब सुला दो उसको," मनोहरभाई रडत म्हणाले. "मेरे से देखा नहीं जाता."

शुक्रवारी दुपारी ते शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. ते स्वतः थांबणार नव्हते.

शुक्रवारी आमच्याकडे कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी, त्यात लाईट गेलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटचं म्हणून दूध-पोळीची वाटी टायगरपुढे ठेवली आणि पाठ फिरवून सिरिंज भरायला घेतली. तेवढ्यात मागे फरशीवर नखं वाजली.

टायगर उभा होता. शेपटी हलवत तो दारापर्यंत गेला, वर बघितलं आणि परत फिरला... पण सरळ नाही. दोन पावलं चालायचा, थांबायचा, बाजूला वर बघायचा, मग पुन्हा दोन पावलं. वाटीपाशी येऊन बसला आणि पंजा उचलला. सगळं अंग लटपटत होतं, पंजा मात्र हवेत स्थिर! त्यावरचे केस अंगठ्याएवढ्या जागेत दबलेले मला स्पष्ट दिसले. एक कान हलला. मग त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली.

संध्याकाळी मनोहरभाई त्याला पुरायला न्यायचं म्हणून चादर घेऊन आले, तर हा पठ्ठ्या त्यांच्या अंगावर उड्या मारतोय. मी जे पाहिलं ते सांगितलं. तो कसा चालला, हे ऐकताच ते टायगरला उचलून बाकावर बसले.

"पापा को लकवा मार गया था," ते म्हणाले. "दो कदम चलके रुकते थे. ये भी साथ में रुकता था."

मी त्यांच्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं, आणि हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. त्या दिवसापासून टायगर सगळ्यांच्या हातचं खाऊ लागला.

भुकेपुढे सवय हरली, असं मी स्वतःला खूपदा समजावलंय. मग ते केस कसे दबले?

भीती वाटली का, असं लोक विचारतात. नाही. त्या रात्री खोलीवर आलो आणि न जेवताच आडवा झालो. मला हेवा वाटत होता... एका कुत्र्याचा. तो जेवला नाही म्हणून त्याच्यासाठी कुणीतरी कुठून कुठे चालत आलं होतं.