टोचणीबाईंनी बाटली फोडली

लसीकरण केंद्रातल्या सिस्टरना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता त्यांच्या घरातही उरलं नव्हतं. आख्खी गल्ली त्यांना टोचणीबाई म्हणायची, आणि हे नाव सुईमुळे पडलं असं ज्याला वाटेल तो बाईंशी कधी बोललेला नसणार. त्यांची सुई दुखायची नाही. बाळं रडायचं ठरवूनच आलेली असायची म्हणून रडायची. टोचून झालं हे निम्म्यांना कळायचंसुद्धा नाही. जीभ मात्र आरपार जायची. "एवढ्या उशिरा आणलंत? पुढच्या वेळी त्यालाच एकट्याला पाठवा, तोवर चालायला लागेल," असं त्या म्हणाल्या की बाळाच्या बापाचा चेहरा बाळापेक्षा रडवेला व्हायचा.

बाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि घरात फारसा बोलायचा नाही. बोलायचं काम एकाच माणसाकडे असलेलं बरं, असं त्याचं मत होतं. स्वतःच्या लसी तो न सांगता घेऊन यायचा. बायकोशी वाद घालण्यापेक्षा सुई सोपी, हे त्याला लग्नानंतर फार लवकर कळलं होतं.

केंद्र म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत वजनकाटा, टेबल आणि लसींचा फ्रिज. त्याच्या दाराला बाईंशिवाय कुणी हात लावला तर बाई त्या हाताकडे अशा बघायच्या की तो आपोआप खिशात जायचा. दुसरीत लांब बाक. टोचून घेतलं की अर्धा तास तिथं बसायचं, मग घरी. सकाळी तान्ही बाळं, दुपारी शाळेतली पोरं, आणि गुरुवारी संध्याकाळी मोठी माणसं. या गुरुवारच्या संध्याकाळी बाक रिकामा असायचा. आपण मोठे झालो म्हणजे आजार आपल्याला भिऊन राहतात, अशी मोठ्यांची समजूत असते.

एरवी बाई या रिकाम्या बाकाला एखादा टोमणा मारून घरी गेल्या असत्या. पण या महिन्यात त्यांच्या जिवाला घोर लागला होता, आणि त्या घोराचं नाव होतं खारू.

खारू म्हणजे बाईंच्या समोरच राहणाऱ्या शिंप्याची चौथीतली मुलगी. दिवसभर जिन्यावरून वर-खाली पळायची म्हणून खारूताई, आणि हाक मारायला खारू. वर्षभरापूर्वी तिला रक्ताचा आजार निघाला. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात औषधं चालू झाली. ती इतकी कडक, की आजाराबरोबर पोरीच्या अंगातली सगळी ताकदच धुऊन निघाली. आता ती सुधारली होती. महिनाअखेरीला घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मात्र एक अट होती. तिला स्वतःला गोवराची लस सध्या देता येत नव्हती, त्यामुळे तिच्या आजूबाजूला राहणाऱ्या प्रत्येकाची झालेली हवी. नाहीतर आणखी काही महिने तिकडेच. आणि नेमका शेजारच्या वस्तीत गोवर निघाला होता.

शिंप्याच्या घरातल्यांनी लगेच घेतली. आजूबाजूच्यांनीही घेतली, ज्यांनी टाळाटाळ केली त्यांना बाईंच्या जिभेनं आणून सोडलं. राहिले ते माडीवरचे बँडवाले.

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एक बँड राहायचा. मास्तर, ढोलवाला, आणि फुंकणारे सहा-सात जण. एकच जिना, एकच नळ. दिवसभर पितळी भोंग्यांत फुंकर मारणार, खोकणार, आणि दार उघडं टाकून झोपणार. लहानपणी लस घेतली का, हे त्यांच्यातल्या एकालाही आठवत नव्हतं. बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं, नळावर गाठलं, भाजीच्या गाडीपाशी गाठलं. दर वेळी उत्तर तयार.

"ताई, उद्या कार्यक्रम आहे. हात दुखला तर ढोल काय पायानं वाजवू?" ढोलवाला म्हणायचा.

"आत्ता वाजवता ते हातानंच वाजवता होय?" असं बाईंनी ऐकवलं, आणि ढोलवाल्यानं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. टोचून बोलायच्या सवयीचा बाईंना पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. कारण लस अंगात मुरायला निदान पंधरवडा हवा, आणि महिनाअखेरीआधी एवढा अवधी मिळेल असा शेवटचा गुरुवार आजचाच होता.

तर त्या गुरुवारी संध्याकाळी काय झालं, दारात बँडमास्तर उभे! एकटेच, नव्या शर्टात, मुलगी बघायला आल्यासारखे.

"मी एकटा घेतो," ते म्हणाले. "म्हणजे तुमच्या मनाला बरं वाटेल. बाकीच्यांचं नाव काढू नका, ते येणार नाहीत."

"बसा. ताप आहे का?"

"आहे की. तुमचाच."

बाई चक्क हसल्या. पण हसता हसता त्यांना बाटलीची आठवण झाली. लसीची बाटली दहा जणांची असते. एकदा फोडली की काही तासांत संपवायची, उरली की फेकून द्यायची. एका माणसासाठीही फोडा, असं केंद्राच्या डॉक्टरांनी बजावलेलं होतं, आणि बाई फोडायच्याही. पण उरलेली फेकताना त्यांना घरातलं दूध उतू गेल्याहून जास्त लागायचं. आज तर त्या उरलेल्या थेंबांवर एका पोरीचं घरी येणं अडलं होतं. त्यांनी बाटली फोडली, मास्तरांच्या दंडावर टोचलं, त्यांना बाकावर बसवलं, आणि केंद्रातल्या मदतनीस मावशींना म्हणाल्या, "मावशी, बाटली फोडलीय. मास्तर इथं बसलेत. वरच्यांना म्हणावं सगळ्यांनी लगेच या, वाया जायला नको."

मावशींचे गुडघे दुखत होते. त्यांनी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगितलं. चहावाला गिऱ्हाइकात अडकला होता, त्यानं माडीखाली उभं राहून तोंडाशी हात धरून ओरडून सांगितलं. आणि तेवढ्या वाटेत ध चा मा झाला.

"ए! टोचणीबाई आणि मास्तर बसलेत! बाटली फोडलीय! सगळ्यांना बोलावलंय, लवकर या, संपत आली!"

वरचा सराव एका झटक्यात थांबला. गल्लीनं एवढी शांतता कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. मग जिन्यावर जी धडधड झाली, ती ऐकून शिंपी कात्री हातात घेऊनच बाहेर आला. चपला कुणाच्या कुणी घातल्या होत्या. मोठा भोंगा वाजवणाऱ्या अगडबंब गड्याला सगळे भोपळा म्हणायचे; तो सगळ्यांच्या पुढे, आणि त्याच्या हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी.

"मास्तर आणि ती बाई? एका टेबलावर?" एक जण पळता पळता विचारत होता.

"अरे, माणूस वरून दिसतं तसं नसतं," भोपळा म्हणाला. त्याला बाईंबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली होती.

अशी ही वरात केंद्रात शिरली. समोर भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र, मधल्या उघड्या दारातून दिसणारे, बाकावर शर्टाची बाही वर करून बसलेले मास्तर, आणि टेबलामागे सुई घेतलेल्या टोचणीबाई. सगळे आ वासून उभे राहिले.

"बाटली कुठाय?" भोपळ्यानं विचारलं.

बाईंनी बोटाएवढी बाटली उंच धरली.

क्षणभर कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. मग मास्तरांना सगळा उलगडा झाला आणि ते असे हसायला लागले की त्यांना ठसकाच लागला. मावशींनी पदर तोंडाला लावला. बाई आधी लालबुंद झाल्या, मग शेंगदाण्यांची पुडी दिसली आणि त्याही फुटल्या. भिंतीवरच्या चित्राखालच्या सूचनेत बाटलीला कुपी म्हटलं होतं. बाई कुपी म्हणाल्या असत्या तर चिटपाखरू फिरकलं नसतं.

"हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं," ढोलवाला कडू तोंडानं म्हणाला. "चला रे परत."

तो वळलासुद्धा. बाईंच्या जिभेवर एक झणझणीत वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं. आयुष्यात गिळलेलं पहिलंच असावं, कारण नंतर त्यांना काय बोलावं हेच सुचेना. शेवटी सरळ जे मनात होतं तेच त्या बोलल्या.

"दादा, थांबा. खारूला घरी आणायचंय हो."

ढोलवाला दारात थांबला. "मग लस तिला द्या ना. आम्हाला कशाला?"

"तिला देता आली असती तर तुमच्या पाया कशाला पडले असते? तिच्या अंगात सध्या ती सोसायची ताकद नाही. तुम्हाला गोवर झाला तर चार दिवस अंथरुणात पडाल. तिला झाला तर..." बाईंचे डोळे भरून आले, आणि ते बघून भोपळा घाबरला. टोचणीबाईंच्या डोळ्यात पाणी ही गोष्ट कुणी पाहिलेली नव्हती.

"ती जिन्यात बसून माझ्या ढोलाच्या तालावर डबा बडवायची," ढोलवाला हळूच म्हणाला. "ठेका चुकायचा नाही पोरीचा." तो परत आला, स्टुलावर बसला आणि बाही वर केली. "उद्या कार्यक्रम आहे, ताई. उजवा सोडून डावा घ्या."

मग काय विचारता! बाईंना दहा हात फुटल्यासारखं झालं. आजार आहे का, कुठल्या औषधाचा त्रास होतो का, आज ताप आहे का, असं एकेकाला विचारत होत्या. पोटात काही गेलंय का, असं विचारल्यावर एक जण म्हणाला, "तेच तर राहिलं!" आणि पुन्हा हशा. भोपळ्यानं मात्र सुई बघितली आणि तो शेंगदाण्यांसकट बाकाच्या टोकाला सरकला. एवढा मोठा गडी, मास्तरांचा हात धरून डोळे मिटून बसला, आणि टोचून झाल्यावरही विचारत राहिला, "झालं? खरंच झालं?" दारातून गंमत बघणारा चहावाला निघून जायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही कुठे चाललात, निरोप्या? तुमचीही राहिलीय." त्यानं पळून बघितलं. भोपळ्यानं त्याला काखोटीला मारून आणलं, आणि इतकं झाल्यावर मग तोही राजीखुशीनं बसला.

त्या संध्याकाळी बाकावर जागा उरली नाही. बाई घरी गेल्या त्या जवळजवळ धावतच, आणि नवऱ्याला दारातूनच ओरडून म्हणाल्या, "अहो, माझी बाटली संपली!" शेजारच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली. नवऱ्यानं घाईघाईनं दार लावून घेतलं.

महिनाअखेरीला शिंप्याच्या दारात गाडी थांबली. बाई नुकत्याच कामावरून परतत होत्या, अंगावर पांढरा कोट तसाच. बँडवाले जिन्याच्या बाजूला अंग चोरून उभे होते. खारू उतरली. टोपी, तोंडाला मास्क, आणि फ्रॉकमधून दोन काड्या. सगळ्यांकडे बघून तिचे डोळे हसले. मग तिला पांढरा कोट दिसला, आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"टोचणीआत्या, आता इथं पण टोचायचं?"

बाई तिच्या पुढ्यात, जरा अंतर ठेवून, खाली बसल्या. "नाही गं बाळा. तुझ्या वाटणीचं ह्या सगळ्यांनी टोचून घेतलंय."

खारूनं एकेकाकडे बघितलं. ढोलवाला, मास्तर, चहावाला, भोपळा. तिला ते खरं वाटेना.

"भोपळाकाका, तू पण? दुखलं?"

"नाही," भोपळा म्हणाला. मग पोरीच्या डोळ्यांकडे बघून त्याला खोटं बोलवेना. "थोडंसं."

खारूनं मोठ्या माणसासारखी मान हलवली. तिनं पाठीमागचे हात पुढे घेतले, आणि ती घरात गेली.