भित्रा चार्जर

दार्दो एचेगोयेनला एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. पायसांदू शहरात त्याने आयुष्यभर बस चालवली. सिग्नलला बस थांबे, याचा गुडघा हलतच राही. निवृत्तीनंतर तो दर रविवारी नदीकाठच्या कुरणात विजेवरची छोटी विमानं उडवू लागला आणि त्यांच्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांनी त्याच्या बायकोचं, नेलिदाचं, डोकं उठवलं. गेल्या हिवाळ्यात एक बॅटरी फुगली, पेटली आणि तिच्या शिवणयंत्राचं टेबल जळालं. नेलिदाने आरडाओरडा केला नाही. पुन्हा धूर दिसला तर विमानं या घरातून गेली, एवढंच म्हणाली.

दोष जुन्या चार्जरचा होता. तो अख्खी बॅटरी एकच धरून मोजायचा. आतला एखादा सेल आधीच काठोकाठ भरलाय, हे त्याच्या गावीही नसायचं. नव्या चार्जरसाठी दार्दोने दुकानाचे उंबरे झिजवले. मनातून त्याला भराभर चार्ज करणाराच हवा होता. विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबातल्यांनी टर उडवली, तुला अजून वेळापत्रक गाठायचंय का म्हणून. पण ते काळं पडलेलं टेबल डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्याने सावकाश चालणारा घेतला. तो प्रत्येक सेल वेगळा तपासायचा, सेलांचा आकडा चुकीचा दिला तर सुरूच व्हायचा नाही, आणि बॅटरीला चिकटवायला त्याला उष्णता मोजणारी एक तार होती. चार्ज करायची जागा मात्र क्लबातल्या सगळ्यांची एकच: ज्याच्या त्याच्या अंगणातली, मांस भाजायची विटांची भट्टी. पेटलंच तर तिथल्या तिथे पेटेल, वर धुराडं आहेच.

शनिवारी दुपारी मेहुणा जेवायला आला होता. दुसऱ्या दिवशी क्लबाची स्पर्धा. पाहुण्याची पाठ वळताच दार्दोने निखारे काढले, राख झाडली, बॅटरी भट्टीत ठेवून तार चिकटवली. थोड्याच वेळात चार्जर पिपाणी वाजवून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दार्दोने लिंबाच्या झाडाभोवती चकरा मारल्या, दुकानदाराचा उद्धार केला, परत आला. उष्णतेची मर्यादा काढून टाकायची सोय त्या यंत्रात होती. त्याचं बोट तिथवर पोचलं होतं.

तेवढ्यात नेलिदा माते नावाच्या कडू चहाचा पेला घेऊन बाहेर आली.

"काय म्हणतोय तुझा शहाणा?"

"शहाणा कसला, भित्रा आहे. उगाच गरम गरम म्हणून बोंबलतोय."

नेलिदाने भट्टीच्या तळाला हात टेकला आणि झटकन उचलला. "म्हाताऱ्या, इथे हात लाव जरा."

विटा अजून पाव भाजतील इतक्या तापलेल्या होत्या.

दार्दोने बॅटरी काढून सिमेंटच्या पायरीवर सावलीत ठेवली. उलटीपालटी करून पाहिली. फुगली नव्हती. मग तिथेच चार्ज करावी का म्हणून त्याने चोरट्या नजरेने दारातून स्वयंपाकघराच्या टेबलाकडे पाहिलं. नेलिदाने फक्त भुवई उचलली.

"विटा निवायला संध्याकाळ होईल," तो कुरकुरला.

"होऊ दे."

त्याने चार्जरची तार गुंडाळली. मग म्हणाला, "मी ती मर्यादा काढणारच होतो."

"ठाऊक आहे. मी तुझ्या बसमधून फिरलेय." तिने खुर्ची ओढून भट्टीसमोर मांडली आणि बसली. "तू फिर. विटांकडे मी बघते."

तो फिरला. दर फेरीला येऊन विटांवर बोटं टेकवू लागला.

"सारखा हात लावू नकोस," नेलिदा पेला पुढे करत म्हणाली. "त्याने लवकर निवत नाहीत त्या."